ऑर्डर येईपर्यंत पोरगी घरी

माझी नोकरी अकरा महिन्यांची होती. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात सहाय्यक प्रशिक्षक, खो-खो, महिला. अकरा महिने भरले की करार संपायचा, मग काही दिवसांचा खंड, मग नवी ऑर्डर आणि पुन्हा अकरा महिने. सलग वर्ष भरलं तर माणूस कायम करा म्हणून अर्ज करतो, तो त्रास नको म्हणून हा खंड. मला त्याचं विशेष काही वाटत नसे. नवऱ्याचं वसमतला मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, दोन्ही मुलं शाळेत जात होती. खंडाच्या दिवसांत मी घरातली तुंबलेली कामं उरकून घ्यायची. पहिली ऑर्डर गणपतीत निघाली होती, त्यामुळे करार संपायचा तो नेमका पोळ्याच्या सुमारास, म्हणजे खेळाचा हंगाम सुरू होताना. ही सोय नक्की कुणाची होती, ते मला कधी कळलं नाही.

विद्यापीठ शेजारच्या जिल्ह्यात होतं, पण महिला खो-खोचं सराव केंद्र वसमतला आमच्या कॉलेजच्या मैदानावर होतं. संघातल्या निम्म्या मुली याच बाजूच्या होत्या. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला, त्यानंतरची ही दोन-अडीच वर्षं. घरी फोन असलेली माणसं कमी होती. निरोप द्यायचा तर एसटीच्या कंडक्टरकडे.

कुरुंद्याच्या बाजूला एक तांडा आहे. तिथली एक मुलगी मी बारावीच्या शालेय स्पर्धेत पाहिली. बाकीच्या मुली मागून कोणी आलं की नुसत्या पळत सुटायच्या. ही पळता पळता टाचेवर थांबायची, मागची मुलगी तिला ओलांडून पुढे निघून जायची आणि ही उलट फिरून मोकळी. हे शिकवून येत नाही. मी त्याच आठवड्यात तांड्यावर गेले.

तिचा बाप बाजेवर बसला होता. शेजारी तांड्याचा नाईक, म्हातारा, पण कान तिखट. आई, म्हणजे तिच्या बोलीत याडी, दाराशी हळदीच्या शेतातून आणलेलं गवत झटकत होती. मी आडवळण न घेता सांगितलं, की मुलगी वसतिगृहात राहील, कॉलेज शिकेल, खेळेल, खाण्यापिण्याची सोय आहे.

"तिला सांभाळील कोन?" बापानं विचारलं.

"मी."

"तुमी तितं किती वर्स ऱ्हानार?"

"सध्या अकरा महिने."

तो माझ्याकडे बघत राहिला. खोटं बोलायची मला सवय नाही. नंतर ते लक्षात ठेवावं लागतं आणि माझ्याकडे तेवढा वेळ नसतो.

"सरकारी नोकरी ना?"

"विद्यापीठाची. करारावर. अकरा महिने झाले की पुन्हा ऑर्डर येते."

"आन न्हाई आली तर?"

"आजवर आली आहे."

त्यानं नाईकाकडे पाहिलं, दोघं आपल्या बोलीत काहीतरी बोलले. मग तो म्हणाला, "बराबर हाय. मंग पोरगी बी अकरा महिने तुमच्याकडं. तुमची नोकरी हाय तवर तिचा खेळ हाय. तुमी न्हाई, तर ती बी न्हाई. दुसऱ्या कोन्या मास्तरच्या हवाली करनार न्हाई म्या."

नाईकानं मान हलवली. मला वाटलं, बोलायची पद्धत आहे. मी चहा पिऊन निघाले.

ती पद्धत नव्हती. पुढच्या पोळ्याला माझा करार संपला त्याच दिवशी हा माणूस रिकामं पोतं घेऊन मैदानावर हजर. मुली तेव्हा मैदानावर आखलेल्या पाटीवर पाणी मारत होत्या.

"मामा, तुम्ही कसे काय?"

"आज संपली ना तुमची नोकरी?"

"खंड आहे. पंधरा-वीस दिवसांत नवी ऑर्डर येईल."

"आली की धाडतो. सामान कुटं हाय तिचं?"

मी त्याला समजावलं. खेळाचे दिवस आहेत, मी पगार नसला तरी रोज मैदानावर येते, मुलगी वसतिगृहात आहे, तिला कुणी हात लावत नाही. तो शांतपणे ऐकून घेत होता आणि पोत्याचं तोंड सरळ करत होता. मुलगी वसतिगृहात गेली, अंथरूण त्या पोत्यात भरलं आणि बापाच्या मागे चालू लागली. बाकीच्या मुली हातात बादल्या घेऊन बघत उभ्या.

त्यांच्यात लग्न ठरतं ते गूळ वाटला की. गुळाची भेली फुटली, तांड्यातल्या माणसांनी खाल्ला, म्हणजे शब्द झाला. मग तो मोडायचा नाही. पोरगी घरी आली की पाहुणे येतात आणि पाहुणे आले की भेली आणून ठेवावी लागते. त्या वर्षी माझी ऑर्डर लवकर निघाली. मी ती घेऊन स्वतः तांड्यावर गेले. नाईकाच्या नातवानं ती मोठ्यानं वाचली आणि मुलगी माझ्याबरोबर परत बसमध्ये बसली.

"पाव्हणे येऊन गेले, मॅडम," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"मग?"

"म्या चहात साखरीच्या जागी मीठ टाकलं."

"प्यायले?"

"दोन-दोन कप. म्हनले पोरगी सुगरन हाय."

मला हसू आलं, पण तिला आलं नव्हतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की माझ्या नोकरीतला खंड हा तिच्या अंगावर येतो. मला ते आवडलं नाही. मी खो-खो शिकवायला लागले होते, कुणाच्या आयुष्याला जामीन राहायला नाही.

त्याच हंगामात ती विद्यापीठाच्या संघात आली आणि चांगली खेळली. त्याच उन्हाळ्यात क्रीडा संचालक सर केंद्रावर आले. सर निवृत्तीला टेकलेले, सज्जन, आणि कुठल्याही प्रश्नाला 'बघू' म्हणणारे. म्हणाले, "मॅडम, आता सहाय्यक प्रशिक्षकांना तीन वर्षांचे करार देणार आहेत. मध्ये खंड नाही. पण जागा कमी आहेत, माणसं जास्त. मुलाखत होईल."

"कधी?"

"बघू."

मुलींना ही बातमी माझ्याआधी कुठून कळली कोण जाणे. सराव संपला की त्या माझी तयारी घ्यायला बसायच्या. एकजण अध्यक्ष, बाकीच्या समिती, आणि मी समोर पाण्याच्या पिंपावर.

"तुमची मुलं लहान हायत, मॅडम. दौऱ्यावर गेल्यावर त्यांना कोन बघील?"

"त्यांचा बाप."

"असं न्हाई म्हनायचं! 'कुटुंबाचं सहकार्य आहे' म्हना."

तांड्याची मुलगी समितीत बसायची नाही. ती बाजूला पायातले काटे काढत बसायची आणि मधेच म्हणायची, "मॅडमला हसायला सांगा गं. लई रागीट दिसतेत." एकदा सगळ्या गेल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, तीन वर्स दिले तर माज्या बाला तीन वर्स सांगता येतील ना?"

"मिळाले तर."

"मंग नीट बोला तितं," ती मला म्हणाली, म्हणजे जसं मी तिला सामन्याआधी सांगायचे तसं.

पोळा आला. अकरा महिने संपले. नव्या योजनेचे करार व्हायचे म्हणून जुनी ऑर्डर कुणालाच मिळाली नाही आणि मुलाखतीची तारीखही लागेना. बाप पोतं घेऊन आला. या वेळी तोच आधी बोलला. "मॅडम, आता एक जागा चांगली आली हाय. कनेरगाव नाक्याच्या अलीकडं तांडा हाय त्यांचा. पोराची सोताची जीप हाय, हिंगोली-वाशीम चालवतो. दसऱ्यापर्यंत थांबतो म्हनले. त्याच्या पलीकडं न्हाई."

"दसऱ्याच्या आत ऑर्डर आली तर?"

"तर शब्द शब्द हाय. तुमचे जितके, तिचे तितके."

गणपती आले, बसले, उठले. मुलाखतीचं पत्र नाही. मी रोज सकाळी मैदानावर जायचे, चुन्याची फक्की मारायचे, उरलेल्या मुलींना पळवायचे. पण तिच्यावाचून संघाचा डाव बसत नव्हता. पळणाऱ्या तिघींच्या तिसऱ्या तुकडीला तिच्यासारखं कुणीतरी लागायचं, वेळ खाणारं. दुसऱ्या मुलीला लावून पाहिलं, ती अर्ध्या मिनिटात बाद. मी ओरडायचे आणि नंतर मलाच वाटायचं, हिचा काय दोष?

शेवटी नवरात्र लागायच्या थोडं आधी मुलाखत झाली. टेबलापलीकडे चौघं, त्यात आमचे सर एका टोकाला, हात मांडीवर घेऊन. प्रश्न बरेचसे मुलींनी विचारले तेच. मी सहकार्य वगैरे शब्द वापरले. मग मधल्या साहेबांनी माझी फाईल बाजूला सारली.

"तुमच्या केंद्राची ती तांड्याची मुलगी, गेल्या वर्षी गाजलेली. महिनाभर सरावाला नाही असं कळतं."

"नाही."

"का?"

"माझा करार संपला म्हणून."

"तुमच्या कराराचा आणि तिचा काय संबंध?"

मी सांगितलं. माझी ऑर्डर असेल तोवर बाप तिला पाठवतो, नसेल तेव्हा घरी नेतो. साहेब हसले, त्यांच्या शेजारचेही हसले. "म्हणजे आम्ही तुम्हाला ऑर्डर दिली तर ती येईल, आणि ती आली तर आम्ही म्हणू की तुम्ही खेळाडू टिकवता?"

"होय."

"मग आम्ही आधी की तो आधी?"

त्यांना हा विनोद वाटला होता. मी हसले नाही, मुली तिथं असत्या तर रागावल्या असत्या. साहेब गंभीर झाले. "हे बघा, खेळाडू टिकवता न येणाऱ्या प्रशिक्षकाला तीन वर्षं देऊन आम्ही काय करायचं? परवा विद्यापीठ संघाची निवड चाचणी आहे. संघ कसा उभा राहतो ते तिथं दिसेलच. त्यानंतर ठरवू."

बाहेर आल्यावर सर मागून आले. "मॅडम, तेवढं तिला आणा."

"बाप ऑर्डर मागतो, सर."

"बघा काहीतरी," ते म्हणाले. 'बघू'च्या ऐवजी 'बघा', एवढाच फरक.

मी घरी न जाता सरळ कुरुंद्याची बस पकडली आणि तिथून चालत तांड्यावर गेले. दोन्ही बाजूंना छातीइतकी हळद होती आणि साडी चिखलात बरबटली होती. बाप अंगणातच होता. घरात कोपऱ्यात गुळाची भेली फडक्यात बांधून ठेवलेली मला दारातून दिसली. मुलगी चुलीपुढे होती. माझ्याकडे बघितलं आणि माझ्या रिकाम्या हाताकडे बघितलं. मग परत चुलीत फुंकर घालायला लागली.

"ऑर्डर आली?" बापानं विचारलं.

"नाही. परवा चाचणी आहे, ती झाली की येईल."

"मंग चाचनी झाल्यावर या."

"तुमची मुलगी चाचणीत पळाली नाही तर ऑर्डर येणारच नाही."

"ह्ये चांगलं हाय," तो नाईकाकडे वळून म्हणाला. नाईकही येऊन टेकला होता. "नोकरी ह्यांची, परीक्षा माझ्या पोरीची."

"अन् परवाच्या दुसऱ्या दिवशी पाव्हणे येऊन राहिले," नाईक म्हणाला. "जीप घेऊन. बाई, आमी बी कबूल करून बसलोय."

माझा तोल सुटला. "मामा, तुम्ही मला विचारून मुलगी जन्माला घातली होती का? माझ्या नोकरीचं माप तिला का लावता? उद्या मी मेले तर काय कराल?"

"मंग तर आनूच घरी," तो म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती. "मॅडम, राग काहून करता? म्या तुमच्या भरवशावर धाडली. तुमाला तितं कोनी इचारत न्हाई, ठिवायचं त ठिवतेत, काढायचं त काढतेत. तुमचीच अशी गत, त माझ्या लेकराला कोन इचारनार?"

मग मला जे सुचलं ते फार विचार करून सुचलेलं नव्हतं.

"मुलगी मला देऊ नका," मी म्हटलं. "तुमच्याच हातात ठेवा. परवा सकाळी तुम्ही तिला घेऊन विद्यापीठात या. तुमच्यासमोर पळेल, झालं की तुम्हीच घेऊन जा. माझ्या हवाली करायचा प्रश्नच नाही."

तेवढ्यात आतून याडी म्हणाली, "जाय की. इद्यापीठ पाहून येशील. मोटारीचं भाडं वाया जाते म्हनून कदी पोरीला घेऊन हिंगोलीला बी गेला न्हाईस तू."

नाईक हसला. "सांजच्याला घरी पायजे पोरगी," तो म्हणाला. ती परवानगी होती.

चाचणीच्या दिवशी मला मैदानावर पाऊल टाकता आलं नाही. करार नाही म्हणजे मी विद्यापीठाची कुणी नाही. दोरीच्या आत सर आणि निवड समितीचे लोक. मी दोरीबाहेर गवतावर, आणि माझ्या शेजारी, धोतर सावरून, तिचा बाप. तो खुर्चीवर बसायला तयार नव्हता.

पहिल्या डावात ती वाईट खेळली. महिनाभर पाय मोकळे झाले नव्हते. टाच टेकवायची ती उशिरा, तोवर मागची मुलगी अंगावर. लगेच बाद झाली आणि आमच्याकडे न बघता पाणी प्यायला गेली. मुलाखतीतले ते मधले साहेब खुर्चीत मागे रेलले.

"चुकून राहिली?" बापानं विचारलं.

"टाच उशिरा टेकवते. खांबाच्या आधी दोन पावलं थांबायला पाहिजे."

"मंग सांगा तिला."

"मला बोलता येत नाही. माझी ऑर्डर नाही. बाहेरून सांगितलं तर चाचणीतून काढतील."

"कोनाला?"

"मला मैदानावरून आणि तिला यादीतून."

त्यानं जरा विचार केला. "माझी बी ऑर्डर न्हाई," तो म्हणाला. "पन म्या बाप हाय. बापाला कोन काय म्हनील? काय सांगू ते सांगा."

तिची दुसरी पाळी आली. समोरच्या संघात वेगवान मुली होत्या, सरळ अंगावर येणाऱ्या. पहिल्या फेरीतच ती सापडता सापडता वाचली. मी पुटपुटले, "खांबाच्या आधी." बाप उभा राहिला आणि आपल्या बोलीत असा ओरडला, की पलीकडच्या व्हॉलीबॉलच्या मैदानावरचीही माणसं वळली. मुलीनं दचकून इकडे बघितलं. पुढच्या फेरीत खांब दोन पावलांवर असताना तिची टाच टेकली. मागची मुलगी तशीच पुढे गेली आणि ही उलट फिरली.

सरांनी आमच्याकडे पाहिलं. शिट्टी त्यांच्या ओठात होती. मग त्यांनी घड्याळात बघितलं आणि तोंड दुसरीकडे केलं.

"आता?" बाप माझ्याकडे न बघता म्हणाला.

"डावीकडची मुलगी दमली आहे. तिच्याच बाजूनं पळ म्हणावं."

तो ओरडला. मग मी सांगायची आणि तो ओरडायचा, असं चाललं. मधे एकदा मी काहीच सांगितलं नव्हतं तरी तो ओरडला.

"हे काय सांगितलंत?"

"पदर खोच म्हनलं. ओढनी लोंबून राहिली."

तेही बरोबरच होतं. ओढणी हाताला लागली असती. पाळी संपल्याची शिट्टी झाली तेव्हा ती मैदानातच होती, गुडघ्यांवर हात टेकून, बाद न होता. बाप खाली बसला. त्याचा आवाज बसला होता.

संघात तिचं नाव आलं. तासाभरानं मला आत बोलावलं. साहेब चष्मा पुसत होते. म्हणाले, "वडील बरेच उत्साही दिसतात." मी म्हटलं, "होय." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. कराराचे कागद आधीच टंकून तयार होते, फक्त नावाची जागा मोकळी होती. सरांनी तिथं माझं नाव घातलं. मी सही करण्याआधी सगळं वाचलं. तीन वर्षं. खंड नाही. आणि खाली एक अट, की विद्यापीठ एक महिन्याची नोटीस देऊन हा करार केव्हाही संपवू शकेल.

"सर, हे?"

"सगळ्यांनाच आहे," सर हळू म्हणाले. "असू द्या. तीन वर्षं तर लिहिलंय."

मी सही केली. न करून काय करणार होते?

बाहेर व्हरांड्याच्या पायऱ्यांवर बाप आणि मुलगी बसले होते. दुपार कलायला लागली होती, त्यांना बस गाठायची होती. दुसऱ्या दिवशी जीप येणार होती. मुलगी माझ्या हाताकडे बघत होती.

"तीन वर्षं," मी म्हटलं.

"वाचा," बाप म्हणाला.

अट गाळून वाचता आलं असतं. त्याला वाचता येत नव्हतं, मुलगी काही बोलली नसती. पण नोटीस आली असती तर हाच माणूस पोतं घेऊन आला असता आणि मग माझ्या कुठल्याच शब्दाला अर्थ राहिला नसता. मी सगळं वाचलं. एक महिन्याची नोटीस म्हणजे काय तेही सांगितलं.

त्यानं पायरीवरची मुंगी बोटानं बाजूला सारली. "म्हंजे तीन वर्स म्हनतेत आन कवाबी काढतेत."

"काढू शकतात. काढतीलच असं नाही."

"मंग ह्ये अकरा महिन्यापेक्षा बी वाईट झालं. तवा निदान अकरा महिने त पक्के व्हते." तो उठला. "चला. बस जाईल."

मुलगी उठली नाही.

"ऊठ."

"बा," ती म्हणाली. माझ्यासमोर ती त्याच्याशी मराठीत बोलली, मला कळावं म्हणूनच असेल. "तुमी मॅडमच्या नोकरीवर माजं काहून मोजता? मॅडमची नोकरी इद्यापीठाच्या हातात हाय. माजी डिग्री हाय ना? ती किती वर्साची हाय ते इचारा की."

"किती वर्साची?" त्यानं मला विचारलं. हा प्रश्न त्यानं मला कधी विचारला नव्हता आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं माझ्याच नोकरीवरून भांडत आलो होतो.

"तीन. दुसरं सुरू आहे. पुढच्या उन्हाळ्यानंतर आणखी एक."

"त्याच्यात नोटीस असते का?"

"नाही. पास होत गेली तर तिला कुणी काढू शकत नाही."

"आन खंड?"

"तोही नाही."

तो पुन्हा खाली बसला.

"नापास झाली तर?"

"तर जीपवाल्याला कळवा," ती म्हणाली. "म्या सोता गूळ फोडीन."

"तो थांबनार हाय का तवर?"

"न्हाई थांबला त न्हाई थांबला."

बापानं टोपी काढून डोकं खाजवलं. नाईकाला काय सांगायचं, दारात उभ्या राहिलेल्या जीपला काय सांगायचं, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर चाललेलं होतं. त्या माणसाला दुसऱ्या दिवशी तांड्यासमोर मान खाली घालायला लागणार होती. ते मला तेव्हाही समजत होतं, पण मी मदतीला एक शब्दही टाकला नाही. टाकला असता तर ते पुन्हा माझ्या नोकरीचं झालं असतं.

"डिग्रीपर्यंत," तो शेवटी म्हणाला. "त्याच्या पुढं एक दीस बी न्हाई. आन नापास झाली त मॅडमला मधी घालू नको."

"घालत न्हाई."

वसमतपर्यंत आम्ही एकाच बसनं आलो. बाप पुढच्या बाकावर एकटा बसला होता आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत होता. बहुतेक उद्याच्या पाहुण्यांना सांगायचं वाक्य जुळवत असावा. बसस्थानकावर मी मुलीला घेऊन उतरले, त्याला कुरुंद्याची गाडी धरायची होती. नाईकानं संध्याकाळपर्यंत मुलगी घरी मागितली होती. ती येत नाही, हेही आता त्यालाच सांगायचं होतं.

"अंथरूण उद्या धाडतो," तो मुलीला म्हणाला आणि माझ्याकडे न बघता गाडीकडे गेला.

वसतिगृहाच्या फाटकाशी मी तिला सांगितलं, सकाळी साडेपाचला मैदानावर.

"पाय लई दुखून राहिले, मॅडम."

"दुखणारच. महिनाभर घरी बसलीस."

"म्या बसले?" ती भडकली.

"बसवली. पण पळायचं तुलाच आहे. चार फेऱ्या जास्त."

ती काहीतरी पुटपुटत आत गेली. मी घरी जाऊन साडीचा चिखल धुवायला घेतला, दोन दिवसांपूर्वीचा, वाळून घट्ट झालेला.